तीन अरण्ये, १५५ कस्तूर आणि एक आकडा

केनियाच्या आग्नेय भागात त्सावोच्या कोरड्या सपाटीतून तैता टेकड्या एकदम वर उठतात. पूर्व आफ्रिकेतील ‘ईस्टर्न आर्क’ या प्राचीन डोंगररांगेचे हे उत्तरेकडचे टोक आहे. खाली लाल माती, काटेरी झुडपे आणि तुटपुंजा पाऊस. वर मात्र हिंदी महासागराकडून येणारे बाष्प अडते, धुके उतरते आणि सदाहरित अरण्य तग धरून राहते. शेतीसाठी झालेल्या तोडीनंतर या अरण्याचे आज विखुरलेले तुकडेच शिल्लक आहेत. त्यांपैकी म्बोलोलो, न्गांगाओ आणि चाविया या तीन तुकड्यांत, आणि याले नावाच्या चौथ्या लहानशा तुकड्यात, तैता कस्तूर हा पक्षी राहतो. डोके व छाती काळसर, कुशी तांबूस, पोट पांढरे आणि चोच लालसर नारिंगी असा हा पक्षी अरण्याच्या आतल्या भागात, पाचोळ्यात किडे शोधत फिरतो आणि उघड्या शेतजमिनीवर सहसा येत नाही. जगात तो या टेकड्यांखेरीज कोठेही आढळत नाही.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातील अंदाजानुसार म्बोलोलोत सुमारे १,०६०, न्गांगाओत सुमारे २५० आणि चावियात अवघे ३८ कस्तूर होते. त्याच सुमारास पीटर गाल्बुसेरा, लुक लेन्स आणि त्यांच्या बेल्जियन व केनियन सहकाऱ्यांनी १५५ पक्ष्यांच्या डीएनएचा अभ्यास केला: म्बोलोलोतील ८०, न्गांगाओतील ५४, चावियातील १७ आणि यालेतील ४. प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. हे सगळे कस्तूर अजूनही एकमेकांत मिसळतात की त्यांची वेगवेगळी बेटे झाली आहेत? मिसळत असतील तर एकाच साठ्याचे संरक्षण करायचे आहे. नसतील तर चावियातील ३८ पक्ष्यांचे भवितव्य त्यांच्यापुरतेच आहे, आणि बाहेरून पक्षी आणून सोडायचे की नाही हा निर्णय कधीतरी घ्यावाच लागणार आहे.

हीच माहिती ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागातील जोनाथन प्रिचर्ड, मॅथ्यू स्टीफन्स आणि पीटर डोनेली यांनी आपली नवी पद्धत पारखण्यासाठी वापरली. त्यांचा लेख जून २०००मध्ये ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात आला आणि त्यातील पद्धतीचा प्रोग्राम ‘स्ट्रक्चर’ या नावाने जगभर पसरला. प्राण्यांच्या समष्टींतील, म्हणजे आपापसांत प्रजनन करणाऱ्या वस्त्यांतील, जनुकीय भिन्नता तपासणाऱ्या संशोधकांमध्ये हा प्रोग्राम एकदाही न चालवलेला माणूस शोधून सापडणे कठीण. तैता कस्तूराचे उदाहरण या पद्धतीच्या यशाची साक्ष म्हणून शिकवले जाते, आणि ते यश खरेच आहे. पण मला हे प्रकरण पुन्हा मांडावेसे वाटते ते वेगळ्या कारणासाठी. प्रोग्रामने दिलेला ‘तीन’ हा आकडा नेमका कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे या साध्या, स्वच्छ उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

माहितीचे स्वरूप

प्रत्येक पक्ष्याच्या डीएनएवरील सात मायक्रोसॅटेलाइट जागा तपासल्या गेल्या. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे जनुकसंचातील अशी जागा, जिथे काही अक्षरांचा एकच तुकडा एकापाठोपाठ अनेकदा येतो. तो किती वेळा येतो हे पक्ष्यागणिक बदलते, आणि त्या पट्ट्याची लांबी मोजली की पक्ष्याला आईकडून मिळालेला एक आणि बापाकडून मिळालेला एक असे दोन आकडे हाती येतात. या निरनिराळ्या लांबींना त्या जागेचे विकल्प म्हणू. सात जागा, दर जागी दोन आकडे, म्हणजे एका पक्ष्यामागे १४ आकडे. १५५ पक्ष्यांचे मिळून जास्तीत जास्त २,१७० आकडे. आजच्या हिशेबाने ही माहिती अगदीच थोडी आहे, कारण आता एकेका प्राण्याच्या हजारो जागा वाचल्या जातात.

‘स्ट्रक्चर’ला ही माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्यावी लागते. नेहमीच्या मांडणीत एका पक्ष्याच्या दोन ओळी असतात: पहिल्या ओळीत प्रत्येक जागेचा एक विकल्प, दुसऱ्या ओळीत दुसरा. जिथे प्रयोगशाळेत वाचन फसले तिथे प्रथेप्रमाणे उणे ९ लिहितात. आता हा उणे ९ म्हणजे ‘माहिती नाही’, हे प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये वेगळे सांगावे लागते. ते सांगायचे राहिले तर प्रोग्राम त्याला आणखी एक विकल्प समजतो, आणि ज्यांच्या नमुन्यांचे वाचन फसले ते सगळे प्राणी, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसला तरी, एका गटात ओढले जातात. निकालाचे चित्र मात्र तेव्हाही सुबकच दिसते. म्हणून ज्या गटाचा अर्थ लागत नाही, त्या गटातील प्राण्यांच्या फाइलमधल्या ओळी आधी डोळ्यांखालून घालाव्यात, हे मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

गट कसे पडतात

पद्धतीचा गाभा समजायला एक जागा आणि दोन विकल्प पुरेसे आहेत. समजा एका अरण्यात पहिल्या विकल्पाचे प्रमाण ०.९ आहे आणि दुसऱ्या अरण्यात ०.१ आहे. प्रत्येक अरण्यात पक्षी मुक्तपणे जोड्या जमवत असतील, तर हार्डी-वाइनबर्ग नियमानुसार दोन वेगळे विकल्प बाळगणाऱ्या, म्हणजे विषमयुग्मजी, पक्ष्यांचे प्रमाण दोन्हीकडे २ × ०.९ × ०.१ म्हणजे ०.१८ येईल. आता कोणी दोन्ही अरण्यांतून सारखेच नमुने आणून एका ढिगात टाकले आणि नमुना कुठला हे लिहून ठेवले नाही, तर त्या ढिगात विकल्पाचे प्रमाण ०.५ दिसेल, आणि त्या हिशेबाने विषमयुग्मजी पक्षी २ × ०.५ × ०.५ म्हणजे निम्मे असायला हवेत. प्रत्यक्षात मात्र ते १०० पैकी १८च सापडतील. ही तूट म्हणजे ढिगात एकाहून अधिक समष्टी मिसळल्याची खूण. ‘स्ट्रक्चर’ नेमके उलट काम करतो: प्रत्येक गटाच्या आत ही तूट उरू नये आणि निरनिराळ्या जागांवरील विकल्प एकमेकांपासून स्वतंत्र असावेत, अशा रीतीने तो प्राण्यांची वाटणी शोधतो.

ही वाटणी तो एका झटक्यात करत नाही. गटांची संख्या वापरणारा आधी सांगतो. तिला ‘के’ म्हणतात. प्रोग्राम सुरुवातीला वाटणी यादृच्छिक करतो, त्या वाटणीवरून प्रत्येक गटातील विकल्पांची प्रमाणे काढतो, त्या प्रमाणांवरून प्रत्येक पक्षी कोणत्या गटात किती चपखल बसतो ते तपासून वाटणी बदलतो, आणि ही फेरी हजारो वेळा करतो. मार्कोव्ह साखळी मॉन्टे कार्लो असे या तंत्राचे नाव आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांवर पहिल्या यादृच्छिक वाटणीची सावली असते, म्हणून त्या टाकून द्यायच्या. या टाकलेल्या भागाला ‘बर्न-इन’ म्हणतात. उरलेल्या फेऱ्यांच्या सरासरीतून प्रत्येक पक्ष्याच्या वंशाचा किती भाग कोणत्या गटातला, याचे अंदाज मिळतात. मिश्र वंशाचे प्रारूप निवडले असेल तर एकच पक्षी ०.७ एका गटाचा आणि ०.३ दुसऱ्याचा असू शकतो.

अवघ्या सात जागांवर एवढे ओळखता येते, याचे अनेकांना नवल वाटते. पण गुणाकाराची ताकद पाहावी. समजा एखाद्या पक्ष्याकडे एका जागी एकाच विकल्पाच्या दोन प्रती आहेत, आणि त्या विकल्पाचे प्रमाण पहिल्या अरण्यात ०.६ तर दुसऱ्यात ०.२ आहे. असा पक्षी पहिल्या अरण्यात सापडण्याची संभाव्यता ०.३६ आणि दुसऱ्यात ०.०४; म्हणजे पहिल्याच्या बाजूने नऊपट पुरावा. अशा तीन स्वतंत्र जागा मिळाल्या तर ९ × ९ × ९, म्हणजे ७२९ पट. ‘स्वतंत्र’ या शब्दावर सगळा भार आहे. नमुन्यात एकाच घरट्यातील भावंडे आली तर हे स्वातंत्र्य राहत नाही, आणि प्रोग्राम एखादे कुटुंबच वेगळा गट म्हणून दाखवू शकतो. चावियात सुमारे ३८ पक्ष्यांपैकी १७ नमुन्यात होते. इतक्या लहान वस्तीत जवळच्या नात्याचे पक्षी नमुन्यात नसतील असे गृहीत धरणे अवघड आहे.

निकाल

ऑक्सफर्डच्या तिघांनी नमुना कोणत्या अरण्यातला हे प्रोग्रामला सांगितलेच नाही. फक्त आकडे दिले आणि के एक ते पाच ठेवून पाहिले. प्रत्येक के साठी, तो मानल्यास ही माहिती मिळण्याची संभाव्यता किती, याचा अंदाज नैसर्गिक लॉगमध्ये काढला. एक गट मानल्यास तो उणे ३,१४४ आला, दोन मानल्यास उणे २,७६९, तीन मानल्यास उणे २,६७८, चार मानल्यास उणे २,६८३ आणि पाच मानल्यास उणे २,६८८. पाचही पर्याय आधी सारखेच शक्य धरले, तर तिनाची संभाव्यता ०.९९३ आणि चाराची ०.००७ येते. हे गणित कोणालाही करून पाहता येईल: तीन आणि चार यांच्या लॉगमध्ये पाचाचा फरक आहे, आणि ‘ई’चा (नैसर्गिक लॉगचा आधार, सुमारे २.७१८) पाचवा घात साधारण १४८ होतो, म्हणजे तीन हा पर्याय चाराच्या सुमारे १४८ पट वजनदार ठरतो.

तीन गट मानून वाटणी पाहिली, तेव्हा ते गट म्बोलोलो, न्गांगाओ आणि चाविया या अरण्यांशी जुळले. लेखातील आकृती त्रिकोणी आहे: प्रत्येक ठिपका म्हणजे एक पक्षी, तो ज्या कोपऱ्याच्या जितका जवळ तितका त्या गटाचा, आणि बहुतेक ठिपके कोपऱ्यांत दाटलेले. प्रोग्रामला नकाशा माहीत नव्हता, तरी त्याने नकाशा परत दिला. हे पाहून मला पहिल्यांदा झालेला आनंद अजून आठवतो. एखाद्या सांख्यिकी पद्धतीवर विश्वास बसावा तर अशाच गोष्टीने.

यालेचे चार पक्षी न्गांगाओच्या गटात गेले. याले आणि न्गांगाओ हे दोन्ही दाबिदा या एकाच डोंगरसमूहावर आहेत, तेव्हा हे अनपेक्षित नव्हते. पण या चार पक्ष्यांपाशी थोडे थांबायला हवे. समजा यालेची वस्ती खरोखरच वेगळी असती, तर चार पक्षी, म्हणजे दर जागी जास्तीत जास्त आठ विकल्प, यांवरून प्रोग्रामला ते कळले असते का? प्रमाणे काढायला आठच आकडे हाती असताना स्वतंत्र गट उभा करण्याने जेवढा फायदा होतो त्यापेक्षा नव्या गटाचा बोजा जास्त पडतो, आणि म्हणून ते चार पक्षी त्यातल्या त्यात जवळच्या गटात जाऊन बसतात. भूगोलाची साथ असल्यामुळे इथे ‘याले न्गांगाओचाच भाग आहे’ हा अर्थ पटण्याजोगा आहे. पण तो अर्थ जितका प्रोग्रामने दिला तितकाच नकाशाने दिला. असमान नमुन्यांमुळे लहान नमुन्याच्या वस्त्या एकत्र ढकलल्या जातात आणि के खरा असतो त्याहून कमी दिसतो, हे २०१६ साली सेबास्तियाँ प्युशमाय यांनी कृत्रिम माहितीवर पद्धतशीर दाखवले. तैताच्या माहितीत ८० विरुद्ध ४ ही असमानता आहे.

तीन की दोन

मूळ लेखाच्या कर्त्यांनी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली होती: के निवडण्याची त्यांची रीत काटेकोर सिद्धतेवर उभी नाही, ती कामचलाऊ आणि अंदाजे आहे. साखळीच्या फेऱ्यांत मिळालेल्या लॉग-संभाव्यतेची सरासरी घ्यायची आणि तिच्यातून प्रसरणाचा, म्हणजे ते आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाचा, अर्धा भाग वजा करायचा, एवढीच ती युक्ती. प्रत्यक्ष वापरात असा अनुभव आला की अनेक प्राण्यांच्या माहितीत के वाढवत गेले तरी हा आकडा हळूहळू वाढतच राहतो आणि कुठे थांबायचे ते कळत नाही.

यावर २००५ साली गियोम एव्हानो आणि सहकाऱ्यांनी ‘डेल्टा-के’ सुचवले. आकड्याची उंची न पाहता त्याच्या चढाला सर्वांत मोठा बाक कुठे येतो ते पाहायचे, आणि प्रोग्राम वारंवार चालवून मिळालेल्या आकड्यांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे त्यांच्या चढउताराच्या मापाने, त्या बाकाला भागायचे. हे मोजमाप झपाट्याने लोकप्रिय झाले. पुढे ते आपोआप काढून देणारी साधनेही आली, आणि कित्येक अभ्यासांत के ठरवण्याचा तो एकमेव निकष झाला.

आता तैता कस्तूराच्या छापील आकड्यांवर हा बाक काढून पाहू. एकावरून दोनावर जाताना लॉग ३७५ने वाढतो, दोनावरून तिनावर जाताना ९१ने वाढतो, तिनावरून चारावर जाताना ५ने घटतो आणि चारावरून पाचावर जाताना पुन्हा ५ने घटतो. म्हणजे के दोन असताना बाक ३७५ उणे ९१, अर्थात २८४. के तीन असताना ९१ आणि उणे ५ यांतील अंतर, अर्थात ९६. के चार असताना शून्य. डेल्टा-केच्या भागाकारातील वरचा आकडा, म्हणजे हा बाक, दोनावर तिनाच्या जवळजवळ तिप्पट आहे. खालचा आकडा, म्हणजे प्रमाण विचलन, दोनावर तिनाच्या तिपटीहून मोठे असल्याशिवाय हा निकष तीन सांगणार नाही, तो दोन सांगेल. ज्या माहितीवर पद्धत पारखली गेली आणि जिथे तीन अरण्ये डोळ्यांनी दिसतात, तिथेसुद्धा!

हे गणित मांडण्यामागे मूळ लेखाला किंवा डेल्टा-केला खोटे पाडण्याचा हेतू नाही. दोन्ही आपापल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देतात. म्बोलोलो हा दाबिदापासून खोल दरीने वेगळा झालेला डोंगर आहे, तर न्गांगाओ, चाविया आणि याले दाबिदावरच आहेत. या भूगोलात सर्वांत मोठी फट दोन भागांत पाडणारी असणे आणि तिच्या आत दुसरी, उथळ फट असणे अगदी स्वाभाविक आहे. डेल्टा-के सर्वांत वरची पायरी शोधतो; आतली पायरी शोधायची तर मिळालेल्या प्रत्येक गटावर प्रोग्राम पुन्हा चालवावा लागतो, आणि ही सूचना एव्हानोंच्या लेखातच आहे. शिवाय बाक काढायला आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे लागत असल्यामुळे ‘गट एकच आहे’ हे उत्तर डेल्टा-के कधीच देऊ शकत नाही. प्रत्यक्षात काय झाले ते २०१७ साली जॅस्मिन जेन्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेले अभ्यास तपासून दाखवले: डेल्टा-के वापरणाऱ्यांचे उत्तर फार मोठ्या प्रमाणात ‘दोन’ हेच होते. जगातील मासे, पक्षी, बेडूक आणि सस्तन प्राणी इतक्या वारंवार नेमके दोनच भागांत विभागले गेले असतील, हे मानणे कठीण आहे.

याला जोडून आणखी एक गोष्ट. २०१२ साली एका संशोधकगटाने आधी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांची माहिती मिळवून ‘स्ट्रक्चर’ पुन्हा चालवला, तेव्हा सुमारे ३० टक्के विश्लेषणांत गटांची तीच संख्या परत मिळाली नाही. बर्न-इन किती, फेऱ्या किती, कोणते प्रारूप, किती वेळा चालवले हे सगळे लिहून ठेवले नसेल तर दुसऱ्याला ते करून पाहता येत नाही, आणि तपासता न येणारा आकडा वनव्यवस्थापकाच्या टेबलावर जातो.

चावियाचा कोपरा

त्रिकोणाच्या एका कोपऱ्यात चावियाचे पक्षी एकत्र जमलेले दिसतात. हे चित्र पाहून ‘चावियाचे कस्तूर हा एक वेगळा, शुद्ध वंश आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची चूक इथे होऊ शकते.

लहान वस्तीत विकल्पांची प्रमाणे केवळ योगायोगाने, पिढी दर पिढी, भरकटत जातात. प्रजननक्षम पक्ष्यांची परिणामकारक संख्या जितकी, तिच्या दुपटीने एकाला भागले की एका पिढीत विषमयुग्मजीपणाचा जेवढा अंश नष्ट होतो तो मिळतो. चावियाचे सगळे ३८ पक्षी प्रजननात सारखाच भाग घेतात असे उदारपणे मानले, तरी तो ७६ मध्ये एक, म्हणजे दर पिढीला सुमारे १.३ टक्के येतो. न्गांगाओच्या २५० पक्ष्यांसाठी तोच ०.२ टक्के आहे. प्रत्यक्षात परिणामकारक संख्या मोजलेल्या संख्येहून कमी असते, त्यामुळे नुकसान याहून वेगाने होते. तेव्हा चाविया इतरांपासून तुटून फार काळ लोटला नसला, तरी निव्वळ लहान असल्यामुळे तिची प्रमाणे लवकर वेगळी दिसू लागतात, आणि ‘स्ट्रक्चर’ तिला प्रामाणिकपणे वेगळा कोपरा देतो. वेगळेपण किती जुने आहे हे प्रोग्राम सांगत नाही; ते फार पूर्वीच्या विभाजनातून आले की अलीकडच्या तोडीतून, हेही सांगत नाही. डॅनियल लॉसन, ल्यूसी व्हॅन डॉर्प आणि डॅनियल फालुश यांनी २०१८ साली हेच दाखवून दिले की निरनिराळे इतिहास प्रोग्रामच्या निकालात (जिथे प्रत्येक प्राण्याची एक उभी रेषा आणि प्रत्येक गटाचा एक रंग असतो) अगदी एकसारखे रंगीत पट्टे उभे करू शकतात, आणि अलीकडे संख्या कोसळलेली वस्ती ‘शुद्ध’ गटासारखी दिसू शकते. फालुश हे ‘स्ट्रक्चर’च्या २००३ सालच्या सुधारित आवृत्तीच्या कर्त्यांपैकी एक आहेत, म्हणून या इशाऱ्याला माझ्या लेखी विशेष वजन आहे.

व्यवहारात या फरकाची किंमत मोठी आहे. चाविया हा प्राचीन, स्थानिक परिस्थितीशी जुळलेला वंश असेल, तर बाहेरचे पक्षी तिथे सोडताना दहा वेळा विचार करायला हवा. ती अलीकडे तुटलेली आणि झपाट्याने गरीब होत चाललेली वस्ती असेल, तर न्गांगाओतून काही पक्षी आणणे हाच तिचा औषधोपचार ठरू शकतो. के बरोबर तीन ही ओळ दोन्ही बाजूंच्या अहवालात सारखीच शोभते. वेळेचा प्रश्न सोडवायचा तर निराळी साधने हाताशी घ्यावी लागतात: मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरील जुने भेद, संख्या अलीकडे घटली का याच्या चाचण्या, आणि जिथे मिळतील तिथे संग्रहालयांतील जुने नमुने.

प्रिचर्ड आणि सहकाऱ्यांनी याच माहितीवर दुसरा एक प्रयोगही केला. त्यात नमुन्याचे ठिकाण प्रोग्रामला आधी सांगितले आणि विचारले की कोणता पक्षी दुसऱ्या अरण्यातून आलेला, किंवा अशा पाहुण्याचे पिल्लू अथवा नातू असावा. यासाठी स्थलांतर किती विरळ आहे याचा अंदाज वापरणाऱ्यालाच आधी द्यावा लागतो, आणि तो बदलला की काही पक्ष्यांबद्दलचा निष्कर्षही थोडाफार बदलतो. संवर्धनासाठी मला हा प्रयोग गट मोजण्याइतकाच, किंबहुना जास्त उपयोगी वाटतो, कारण दरी ओलांडणारा एक पक्षी खरा सापडला तर ती वाट अजून पुरती बंद झालेली नाही, हे कळते.

इतर भूमीवर

तैता टेकड्या या पद्धतीसाठी जवळजवळ आदर्श होत्या: स्पष्ट कडा असलेली अरण्ये, मधली जमीन पक्ष्याला परकी, आणि वस्त्या मोजक्या. भारतात याच्या सर्वांत जवळचे चित्र दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातील शोला अरण्यांत, म्हणजे उंच डोंगरांवरील गवताळ भागातल्या सदाहरित अरण्यांच्या तुकड्यांत, दिसते. तिथे उंच शिखरांवरच्या आखूडपंखी पक्ष्यांवर व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालघाट खिंडीच्या दोन्ही बाजूंना खोल जनुकीय भेद आढळले. डोंगरमाथ्यांच्या बेटांवर ‘गट किती’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ असतो.

विदर्भातील वाघांचे तसे नाही. मेळघाट, पेंच, ताडोबा आणि नवेगाव-नागझिरा यांच्यामध्ये शेते, रस्ते, खाणी आणि गावे आहेत, पण जंगलाच्या पट्ट्याही आहेत, आणि वाघ त्यांतून चालतो. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ साली निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून सुमारे ३,००० किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. अशा भूमीवर जनुकीय भेद अंतरागणिक हळूहळू वाढतो, कुठे एकदम तुटत नाही. सलग उतारावरून तीनच ठिकाणी नमुने घेतले तर ‘स्ट्रक्चर’ तीन पायऱ्या दाखवू शकतो, आणि त्या पायऱ्या वाघांच्या नसून आपण जिथे नमुने घेतले त्या जागांच्या असतात. म्हणून इथे आधी अंतर आणि जनुकीय फरक यांचा आलेख काढायचा, आणि मधल्या पट्ट्यांतील विष्ठेचे नमुने, थोडे का होईना, मिळवायचे. दोन प्रकल्पांमधल्या जागेत नमुना नसणे म्हणजे तिथे वाघ नसणे नव्हे.

तैताची माहिती आज पुन्हा हाती आली तर मी ती कशी हाताळीन ते सांगतो. आधी प्रत्येक अरण्यातील जवळची नाती शोधून भावंडांपैकी एकेकच ठेवीन. मग म्बोलोलो आणि न्गांगाओ यांतून प्रत्येकी १७ पक्षी वारंवार यादृच्छिक निवडून चावियाच्या बरोबरीला आणीन. के एकपासून सुरू करून प्रत्येक के साठी किमान १० वेळा, लांब बर्न-इनसह, प्रोग्राम चालवीन, आणि सर्व गटांना वंशाचा वाटा सारखाच धरणारी मूळ सेटिंग बदलून प्रत्येक गटाला स्वतंत्र वाटा देऊन पाहीन. कोणत्याही प्रारूपावर न विसंबणारे मुख्य घटक विश्लेषण शेजारी ठेवीन. अहवालात दोन गटांचे आणि तीन गटांचे अशी दोन्ही चित्रे एकाखाली एक छापीन, म्हणजे म्बोलोलोची फट आणि दाबिदावरची आतली फट वाचणाऱ्याला आपापल्या जागी दिसतील. यालेच्या चार रेषा दोन्ही चित्रांत न्गांगाओच्या शेजारी येतील. त्यांच्याखाली, इतर नावांच्या अक्षरांइतक्याच ठळक अक्षरांत, ‘नमुने ४’ असे लिहीन.